पदार्थ राहिला, माणसे गेली

दिवाळी अंकासाठी खाण्यापिण्याविषयी काही लिहा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे चकल्या-अनारसे असणार, यात शंका नाही. परंतु अनारसा कढईत हसला का रुसला, हे सांगण्याचा अधिकार घरातल्या गृहिणींचा. तेथे माझ्यासारख्या शाळामास्तराने नाक खुपसू नये. मी लिहिणार आहे कोंबडीविषयी, आणि तीही चिनी कोंबडीविषयी. सणाच्या अंकात कोंबडी पाहून ज्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल, त्यांना एवढेच विनवतो की, या लेखात पाककृती थोडी आणि इतिहास फार आहे. वाचल्याने विटाळ होण्याचे काही कारण नाही.

आमचे पिंपळगाव बसवंत हे मुंबई-आग्रा रस्त्यावरचे मोठे बाजारगाव. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे ही येथील दैवते. तिन्हीसांजेला बाजारातल्या गाड्या रिकाम्या झाल्या की रस्त्याच्या कडेला दुसऱ्या गाड्या लागतात. त्यांना लाल रंग दिलेला असतो, वर जीभ काढलेला एक सर्प-सिंह काढलेला असतो, आणि लोखंडी कढईखाली शेगडीचा जाळ घोंगावत असतो. या गाडीला आमच्याकडे नुसते ‘चायनीज’ म्हणतात. मंचुरियन, शेजवान, ट्रिपल राइस हे शब्द निफाड तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. गेल्या वर्षी आशिया खंडाचा नकाशा शिकवत असताना चीनच्या ईशान्येकडील मंचुरिया मी दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “गुरुजी, मंचुरियन तिथलंच ना?”

प्रश्न पोरकट वाटेल, पण त्याचे उत्तर फार लांबवर नेणारे आहे.

मंचुरियातल्या माणसाला आपले मंचुरियन दाखवले तर तो त्याला ओळखणारही नाही. ते जन्मले मुंबईत. त्याच्या जन्माची जी हकिकत सर्वांत प्रसिद्ध आहे ती अशी : नेल्सन वांग नावाचे एक चिनी गृहस्थ, जन्माने कलकत्त्याचे, पोटापाण्यासाठी मुंबईत आले. ब्रेबॉर्न स्टेडियममधील क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिनी जेवण रांधण्याचे काम त्यांच्याकडे होते. १९७५ च्या सुमारास एका गिऱ्हाइकाने त्यांच्याजवळ हट्ट धरला, की रोजच्या यादीत नाही असे काही तरी करून द्या. वांग यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची बारीक चिरून परतली. इथवर आपल्या कोणत्याही घरातली फोडणीच. पुढे आपण गरम मसाला टाकतो, तेथे त्यांनी सोयाबीनचा काळा सॉस ओतला, मक्याच्या पिठाने रस दाट केला आणि तळलेल्या कोंबडीचे गोळे त्यात सोडले. नाव दिले मंचुरियन. म्हणजे देह चिनी, फोडणी हिंदी आणि नाव असे की ज्याचा दोहोंशी संबंध नाही!

पण मुंबईच्या क्लबात जन्मलेला पदार्थ पिंपळगावच्या फाट्यावर पोहोचावा, याला एकट्या वांग यांचे पाककौशल्य पुरे पडले नसते. आमच्या लहानपणापर्यंत कोंबडी ही काही रोज मिळणारी वस्तू नव्हती. गावठी कोंबडी पाहुण्यासाठी किंवा जत्रेला कापली जाई. कित्येक घरांत तर मटण चाले, पण कोंबडी चालत नसे; आणि चालली तरी ती परसात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात शिजे. ते पातेले स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. हे बदलले ते ब्रॉयलर कोंबडीने. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योग सुरू केला आणि पुढे पुणे हे त्याचे ठाणे झाले. नाशिक-पुण्याकडच्या शेतकऱ्यांनी शेतात पत्र्याच्या लांब शेड उभ्या केल्या. कोंबडी स्वस्त झाली आणि बारमाही झाली. घरी जिला मज्जाव होता, तिला रस्त्यावर मोकळे रान मिळाले. चिनी कढई आणि दख्खनी शेड यांची गाठ पडली, तेव्हा कुठे ही लाल गाडी गावोगाव पोहोचली.

आता ही कढई ज्यांनी आणली ती माणसे कोण?

चीन आपल्याला नवा नाही. कालिदासाच्या नाटकात चिनी रेशमाचे नाव येते. आपण लोणचे चिनी मातीच्या बरणीत घालतो, आणि सकाळी उठल्याबरोबर जो चहा पितो त्याचे नावही चिनीच. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कॅन्टनला जाई आणि त्या व्यापारात जमशेटजी जिजीभाईंसारख्या शेटियांनी अलोट पैसा मिळवला. पारशी बायकांच्या गारा साड्यांवरची नक्षी त्याच वाटेने आली. पण माल येणे वेगळे आणि माणूस वस्तीला येणे वेगळे. १७८० च्या आसपास तोंग अच्यू नावाच्या एका चिन्याला वॉरन हेस्टिंग्जने हुगळीकाठी बजबजजवळ साखरेच्या कारखान्यासाठी जमीन दिली. त्या जागेला आजही अचिपूर म्हणतात. त्यानंतर कलकत्त्यात चिनी सुतार, चांभार, कातडी कमावणारे आले. आसामात चहाच्या मळ्यांसाठी चिनी मजूर आणले गेले. मुंबईत आले ते मुख्यतः गोदीवरचे खलाशी आणि कारागीर. त्यांनी माझगावात गोदीजवळच वस्ती केली.

या माझगावच्या चिन्यांचे एक देऊळ आहे, ‘सी यप कून’ नावाचे, १९१९ साली बांधलेले. ‘सी यप’ याचा अर्थ ‘चार तालुके’. कॅन्टनजवळच्या चार तालुक्यांतून आलेल्या लोकांनी एकत्र येऊन बांधले म्हणून हे नाव. हे वाचले आणि मला गिरणगावातली गावकीची खोली आठवली. कोकणातल्या एकेका गावाने मुंबईत खोली घ्यावी, गावचा नवा मुलगा आला की वळकटी तेथे टाकावी, खाणावळ लावावी आणि नोकरी शोधावी, हीच ती रीत. गोव्याच्या खलाशांचे आणि आचाऱ्यांचे ‘कूड’ही असेच. घर सोडलेला माणूस कोणत्याही देशाचा असो, परक्या शहरात तो आधी आपला तालुका शोधतो.

मुंबईतले चिनी कोणी दातांचे वैद्य झाले, कोणी चपला शिवू लागले, कोणी केशकर्तनालये काढली. आणि काहींनी उपाहारगृहे काढली. कुलाब्याचे ‘नानकिंग’ हे चाळिसांच्या दशकातले, लिंग कुटुंबाचे. त्याच घराण्याचे ‘लिंग्ज पॅव्हिलियन’ पुढे रीगल सिनेमामागे निघाले. मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनी चिनी चव चाखली ती अशा ठिकाणी.

येथे मला वाचकांना काही काळ समुद्रापार न्यायचे आहे. कारण अशाच दुसऱ्या चिनी स्थलांतरितांची आणि त्यांच्या कोंबडीची गोष्ट सिंगापूरला घडली, आणि तिचा शेवट आपल्या गोष्टीहून अगदी वेगळा झाला.

माझा भाचा सिंगापुरात नोकरीला आहे. मे महिन्याच्या एका सुट्टीत त्याने आम्हा उभयतांना बोलावून घेतले. तेथे पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, “मामा, इथलं हैनानी चिकन राइस खाल्ल्याशिवाय सिंगापूर पाहिलं असं म्हणता येत नाही.” मॅक्सवेल फूड सेंटर म्हणून एक जागा आहे. मोठे छप्पर, खाली ओळीने लहान लहान गाळे, मध्ये बाके. त्यात ‘तिआन तिआन’ नावाच्या गाळ्यापुढे पंढरीच्या बारीसारखी रांग होती. गाळ्याच्या काचेमागे उकडलेल्या पांढुरक्या कोंबड्या टांगलेल्या. उन्हात, घामाघूम होऊन, कपाळावर पदर ओढून सौभाग्यवती माझ्या शेजारी उभ्या. त्या शाकाहारी. त्या म्हणाल्या, “मला नुसता भात सांगा.” त्यावर भाचा हसू दाबत म्हणाला, “मामी, भातसुद्धा कोंबडीच्या पाण्यातलाच!” त्यांनी उसाच्या रसावर समाधान मानले.

ताटली समोर आली आणि माझा हिरमोड झाला. काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर वाढलेला मी माणूस. मला ते आजाऱ्याचे पथ्य वाटले. पांढरे मांस, पांढरा भात, काकडीचे चार काप, वाटीत लाल मिरचीची आंबट चटणी आणि आल्याची चटणी. पण पहिला घास घेतला आणि लक्षात आले की, येथे सगळे लपवलेले आहे. अख्खी कोंबडी आले आणि कांद्याची पात घालून गरम पाण्यात सोडतात, पण पाण्याला खळखळून उकळी फुटू देत नाहीत. ती शिजली की लगेच थंड पाण्यात बुडवतात. त्याने कातडी घट्ट आणि मांस रसरशीत राहते. तांदूळ तिच्याच चरबीवर आले-लसणीत परततात आणि तिच्याच पाण्यात शिजवतात. त्यात केवड्याच्या कुळातले एक हिरवे पान घालतात. त्या पानाचा वास थेट आपल्या आंबेमोहोराचा! परदेशातल्या त्या बाकावर बसून मला आमच्या जुन्या घरातल्या भाताची वाफ आठवली. कोंबडी बाजूला राहिली आणि मी भातच पुन्हा मागवला.

हे हैनान म्हणजे चीनच्या दक्षिणेचे बेट. १८५८ च्या तिआनचिन तहाने त्या बेटावरचे बंदर परदेशी व्यापाराला खुले करण्याचे ठरले, आणि त्यानंतर तेथील गरीब माणसे जहाजांवर चढू लागली. पण ती सिंगापूरला पोहोचली तेव्हा उशीर झाला होता. हॉक्कियन लोकांनी व्यापार धरला होता, तिओच्यूंनी मिरी-गांबियरचे मळे, कॅन्टनच्या लोकांनी कारागिरी. उशिरा आलेल्या पाहुण्याला पंगतीत जागा मिळत नाही, त्याला वाढपी व्हावे लागते. तसे हैनानी लोक वाढपी झाले. इंग्रजांच्या बंगल्यांत आचारी, हॉटेलांत बटलर, बोटींवर भटारी. रॅफल्स हॉटेलातले ‘सिंगापूर स्लिंग’ नावाचे जगप्रसिद्ध पेय बनवणारा न्यिआम तोंग बून हाही हैनानीच होता.

हैनानमधल्या वेनचांग गावची कोंबडी नामांकित. तिची आठवण काढत वाँग यी ग्वान नावाचा एक फेरीवाला दोन टोपल्यांची कावड खांद्यावर घेऊन कोंबडी-भात विकी. भाताचे गोळे केळीच्या पानात बांधलेले असत. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. १९४५ नंतर इंग्रज परत आले, पण त्यांचे पूर्वीचे बंगले आणि नोकरचाकरांचा तो थाट परत आला नाही. हैनानी आचाऱ्यांनी मग स्वतःची कॉफीघरे आणि खाणावळी काढल्या. वाँगचा शागीर्द मो ली त्वी याने मिडल रोडवर ‘स्वी की’ हे कोंबडी-भाताचे दुकान चालवले. १९९७ मध्ये ते बंद झाले, तोवर त्याच्या हाताखाली आणि देखादेखी हा पदार्थ शहरभर पसरला होता. मौज अशी की, मिरचीची ती आंबट चटणी आणि ते सुगंधी पान ही आग्नेय आशियाची देणगी. म्हणजे ‘हैनानी’ कोंबडीही तशी हैनानची राहिलेली नाही. परदेशात राहून तिनेही आपल्या मंचुरियनसारखी तेथली फोडणी घेतली.

१९७० आणि १९८० च्या दशकांत सिंगापूर सरकारने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना नळ, मोरी आणि छप्पर असलेल्या गाळ्यांत नेले. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ही फेरीवाल्यांची संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. १ जून २०२२ रोजी मलेशियाने आपल्या देशात कोंबडी महागली म्हणून निर्यात थांबवली. सिंगापुरात येणाऱ्या कोंबडीपैकी सुमारे एक तृतीयांश मलेशियाची होती, तेव्हा साऱ्या देशाला काळजी पडली की आता चिकन राइसचे काय होणार. निर्यातबंदी म्हणजे काय, हे कांद्याच्या गावात राहणाऱ्या आम्हाला कोणी शिकवायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा आमच्या बाजारात भाव कोसळले होते. पण येथे सांगायचे ते एवढेच की, ज्या बटलरांना पंगतीत जागा नव्हती त्यांचे ताट आज राष्ट्राचे ताट झाले आहे. आणि ताटाबरोबर ते लोकही तेथेच राहिले.

आपल्याकडे काय झाले?

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आपल्यावर आक्रमण केले. महिनाभरात लढाई थांबली, पण देशाच्या मनावरची जखम थांबली नाही. ती जखम खरी होती. बर्फात सुती कपड्यांनिशी लढून पडलेल्या आपल्या जवानांच्या घरचे दुःख कोणी हलके लेखू नये. परंतु त्या संतापाच्या भरात आणखी एक गोष्ट घडली, ती आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या माणसांना शत्रू समजून पकडण्यात आले. स्वतः चिनी असो, बाप चिनी असो वा आजा चिनी असो, कायद्याने सारे एकाच दोरीत बांधले. भारताचे नागरिक असलेलेही त्यातून सुटले नाहीत. सुमारे ३००० माणसे, मुख्यतः आसाम आणि बंगालमधली, आगगाडीत घालून राजस्थानातल्या देवली येथील छावणीत पाठवली गेली. त्यांत म्हातारे होते आणि तान्ही मुले होती. आसामच्या माकूम गावातले कित्येक जण तर असमिया बोलणारे. चीन त्यांनी नकाशातच पाहिलेला. ही देवलीची छावणी म्हणजे तीच, जेथे १९४१ मध्ये इंग्रज सरकारने जयप्रकाश नारायणांना डांबले होते आणि जेथे त्यांनी उपोषण केले होते.

काहींना १९६३ मध्ये मद्रासहून बोटीने चीनला पाठवण्यात आले. काही जण छावणीत वर्षानुवर्षे राहिले. सुटून घरी आले त्यांना आढळले की, दुकान दुसऱ्याचे झाले आहे आणि घरातले सामान लिलावात गेले आहे. जे छावणीत गेले नाहीत त्यांच्यावरही पोलिसांत नोंद करण्याची, परवानगीवाचून गाव न सोडण्याची बंधने होती. शेजारी बोलेनासे झाले. मग जमेल त्याने देश सोडला. कलकत्त्यात एके काळी वीस हजारांच्या घरात असलेली चिनी वस्ती आज दोन-अडीच हजारांवर आल्याचे सांगतात. माझगावची तर बोटांवर मोजण्याइतकी कुटुंबे उरली. त्या ३००० माणसांची क्षमा मागणारा शब्द सरकारी दप्तरातून आजवर बाहेर पडलेला नाही.

कोणी म्हणेल की, ही तुलना सरळ नाही. सिंगापुरात चिनी लोकच बहुसंख्य, तेथे हैनानी माणूस सामावला यात नवल काय? आक्षेप रास्त आहे. तेथे आणि येथे परिस्थिती एक नव्हती, आणि तेथल्या लोकांवर शेजाऱ्याने युद्ध लादलेले नव्हते. पण आपल्याला मोजमापासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही, घरचाच माप आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. जपानी आक्रमणात जखमी झालेल्या सैनिकांवर त्यांनी रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या, तेथल्या कुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेवला. त्यांच्यावर शांतारामबापूंनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. १९६२ च्या युद्धानंतरही चीनने कोटणीसांना शत्रूदेशाचा माणूस म्हणून विसरले नाही. त्यांची समाधी आणि पुतळा तेथे मानाने उभा आहे. कोटणीसांना जाऊन वीस वर्षे होत होती, त्याच महिन्यांत देवलीच्या गाड्या भरत होत्या. सरकारांचे भांडण सरकारांपाशी ठेवून माणसाला माणूस म्हणून ओळखता येते, हे सोलापूरच्या एका तरुणाने दाखवले होते. आपण ते पाहिले होते, चित्रपटगृहात रडलोही होतो.

आणि आता वर्षांचा हिशेब मांडून पाहा. देवलीची छावणी १९६२ ची. मंचुरियनचा जन्म १९७५ च्या सुमाराचा. म्हणजे जी माणसे देश सोडून चालली होती, त्यांच्यातल्याच मागे उरलेल्या एकाने तेरा वर्षांनी आपल्याला हा पदार्थ दिला. तो आपण इतका आपला केला की, लग्नाच्या मांडवात भजी आणि जिलेबीच्या शेजारी मंचुरियनचे पातेले मांडले जाते, आणि कोबीचे मंचुरियन करून शाकाहारी घरांनीही त्याला उंबऱ्याच्या आत घेतले.

भारत सोडलेल्या चिन्यांतले पुष्कळ जण कॅनडात टोरांटोला गेले. तेथे त्यांनी ‘हक्का’ या आपल्या जातीच्या नावाने उपाहारगृहे काढली आहेत. पाटीवर नाव चिनी, आत मिळते चिली चिकन आणि मंचुरियन, आणि मालक गिऱ्हाइकाशी बोलतो हिंदीत. तेथे जेवायला येणारे बहुतेक आपलेच. ज्या देशाने घालवले त्या देशाची चव ही माणसे बरोबर घेऊन गेली, हे वाचले तेव्हा मला फार वेळ दुसरे काही सुचले नाही.

गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त मुंबईस गेलो असता माझगावचे ते देऊळ मुद्दाम पाहून आलो. बाहेरून साधे, जुन्या मुंबईतल्या घरासारखे. खाली करुणेची देवता क्वान यिन, वरच्या मजल्यावर क्वान कुंग हा वीरदेव. लाल रंग, उदबत्तीचा धूर आणि विलक्षण शांतता. चिनी नववर्षाला येथे अजून दिवे लागतात, फटाके वाजतात, दुरून दुरून उरलेली कुटुंबे येतात. त्यांचीही ती दिवाळीच. चार तालुक्यांनी मिळून बांधलेल्या त्या देवळात मी होतो तोवर दुसरे कोणी आले नाही. मी दोन उदबत्त्या लावल्या, आणि एकीचा धूर सरळ वर जाईपर्यंत थांबून मग खाली उतरलो.